ओ-ब्रियोंचा गोटाळ माळ

फ्रान्समधल्या बोर्दो शहराला लागून नैऋत्येला पेसाक नावाचे उपनगर आहे. घरे, दुकाने आणि रहदारीचे रस्ते यांच्या दाटीत तिथे सुमारे पन्नास हेक्टरांची एक द्राक्षबाग उभी आहे. तिचे नाव शातो ओ-ब्रियों. या भागात एकेकाळी अशा बागा पुष्कळ होत्या. शहर पसरत गेले तसे त्यांचे प्लॉट पडले आणि बहुतेक वेली घरांखाली गेल्या. ओ-ब्रियों मात्र राहिले, कारण इथल्या तांबड्या वाइनला तीनशेहून अधिक वर्षे असा भाव मिळत आला आहे की ही जमीन दुसऱ्या कशासाठी मोकळी करावी असे कोणत्याच मालकाला वाटले नाही. हा भाव जितका मातीने मिळवून दिला, तितकाच एका वकिली घराण्याने आणि समुद्रापलीकडच्या लंडन शहराने मिळवून दिला.

माती म्हणावी अशी ती मातीही नाही. हिमयुगांच्या काळात गारोन नदीने वाहून आणलेले गोटे आणि खडी यांचे थर इथे साचले आहेत. याच खडीवरून बोर्दोच्या दक्षिणेकडच्या सबंध पट्ट्याला ग्राव हे नाव पडले. गहू पेरला तर हाती काही लागू नये अशी ही जमीन. वेलीला मात्र ती मानवते. पावसाचे पाणी थांबत नाही, दिवसभर तापलेले गोटे रात्री ऊब देतात, आणि वरच्या थरात खायला फारसे नसल्यामुळे मुळे खोल जातात. वेल माजत नाही, घड लहान येतात, रस दाट उतरतो.

झां द पोंताक हा बोर्दोच्या ‘पार्लमाँ’ या वरिष्ठ न्यायालयाचा दप्तरदार होता. १५२५ साली त्याचे लग्न लिबूर्न गावच्या महापौरांच्या मुलीशी, जान द बेलोंशी झाले, आणि तिच्या हुंड्यात ओ-ब्रियोंची काही जमीन त्याच्याकडे आली. १५३३ मध्ये त्याने तिथला वाडा आणि त्यासोबतचे जमीनदारी हक्क विकत घेतले. १५४९च्या सुमारास, आज बाटलीवरच्या चिठ्ठीवर दिसतो तो शातो बांधायला घेतला. पुढे आयुष्यभर तो आजूबाजूचे तुकडे एकेक करून विकत घेत राहिला. आयुष्यही त्याला भरपूर लाभले. तीन लग्ने, पंधरा मुले, आणि १५८९ मध्ये मृत्यू आला तेव्हा वय १०१. सलग बाग जमवण्यासाठी लागणारा वेळ आणि चिकाटी या माणसाकडे होती. पुढच्या पिढ्यांनी त्याच्या कामाचे पीक घेतले.

त्या काळात बोर्दोची वाइन प्रसिद्ध होती, पण तिथल्या कोणत्याही एका शेताला नाव नव्हते. ११५२ मध्ये अक्वितेनची एलेनोर हिने हेन्री प्लँटाजनेटशी लग्न केले. दोनच वर्षांत तो इंग्लंडचा राजा झाला, आणि बोर्दोचा प्रदेश इंग्रजी राजसत्तेशी तीनशे वर्षे जोडला गेला. दर शरद ऋतूत वाइनची पिंपे भरून जहाजांचे तांडे इंग्लंडकडे निघत. ती वाइन फिक्या रंगाची, हलकी असे आणि वर्षभरात संपवावी लागे. पिंपात हवा शिरली की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती आंबट होऊ लागे, म्हणून जुन्या मालाला किंमत नव्हती. गिऱ्हाईक गॅस्कनीची, म्हणजे या सबंध प्रदेशाची, वाइन मागे. कोणाच्या मळ्यातली, हे विचारायचे कारणच नव्हते. १४५३ मध्ये कास्तियोंच्या लढाईनंतर इंग्रजांची सत्ता गेली. व्यापार मात्र राहिला.

सतराव्या शतकात पोंताक घराण्याने बिननावी विक्रीची ही रीत मोडली. झांचा वंशज आर्नो द पोंताक बोर्दोच्या न्यायालयाचा प्रमुख अध्यक्ष होता आणि प्रांतातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक. त्याने आपली वाइन इतरांच्या पिंपांत मिसळू न देता ओ-ब्रियों किंवा पोंताक या नावाने विकायला काढली. तळघरातली मेहनतही वाढली. पिंपातली वाइन आटली की त्याच वाइनची भर घालून ते काठोकाठ ठेवायचे, तळाशी साचलेला गाळ मागे ठेवून वाइन दुसऱ्या पिंपात काढायची, रिकाम्या पिंपात गंधक जाळून ते शुद्ध करायचे. गंधकाची युक्ती डच व्यापाऱ्यांनी रुजवली होती. अशा निगेने वाइन गडद होऊ लागली आणि कित्येक वर्षे टिकूही लागली. त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये कोळशाच्या भट्टीत जाड, मजबूत काचेच्या बाटल्या बनायला लागल्या होत्या. बूच मारून ठेवलेली चांगली वाइन वर्षागणिक सुधारते, हे लोकांच्या ध्यानात आले ते यानंतर.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स १६६० मध्ये गादीवर परतला. त्याच्या तळघराच्या हिशेबात १६६०-६१ या वर्षी पाहुण्यांसाठी ओ-ब्रियोंच्या १६९ बाटल्यांची नोंद आहे. मराठी वाचकाला हा राजा दुसऱ्या कारणाने ओळखीचा आहे. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिच्याशी ठरलेल्या लग्नाच्या तहात, १६६१ साली, मुंबई बेट आंदण मिळाले ते यालाच. बेट ताब्यात यायला पुढे काही वर्षे गेली. ओ-ब्रियोंची वाइन तोवर दरबारात रुळलीही होती.

दरबाराबाहेरचा पुरावा दोनच वर्षांनी मिळतो. आरमार खात्यातला अधिकारी सॅम्युअल पीप्स १० एप्रिल १६६३ रोजी लंडनमधल्या लोम्बार्ड स्ट्रीटवरच्या रॉयल ओक नावाच्या मद्यालयात गेला होता. तिथे त्याने एक फ्रेंच वाइन घेतली आणि रोजनिशीत नोंदवून ठेवली. नावाचे स्पेलिंग त्याने ऐकले तसे, चुकीचे लिहिले. पण तिची चव उत्तम आहे आणि आजवर भेटलेल्या कोणत्याही वाइनपेक्षा अगदी निराळी आहे, असा त्याचा अभिप्राय आहे. वाइनच्या इतिहासात ही नोंद मोलाची आहे. एका सरकारी नोकराने बोर्दोच्या एका विशिष्ट बागेची चव ओळखून तिच्या नावानिशी लिहिली; प्रांताचे नाव पुरे होते त्या दिवसांपासून बाजार किती पुढे आला, ते यातून दिसते.

१६६६ च्या सप्टेंबरात लंडन जळाले. आर्नो द पोंताकने आपल्या मुलाला, फ्रांस्वा-ऑग्युस्तला, तिकडे पाठवले आणि राखेतून उठणाऱ्या त्या शहरात खानावळ उघडली. पाटीवर आर्नोचेच चित्र होते, त्यामुळे लोक तिला ‘पोंताक्स हेड’ म्हणत. चांगल्या वाइनची बाटली दोन शिलिंगांना मिळत असताना इथे ओ-ब्रियोंच्या बाटलीला सात शिलिंग पडत. फ्रेंच स्वयंपाक, स्वच्छ मेज, उंची वाइन. लंडनच्या सरदार-व्यापाऱ्यांना आणि लेखकांना ते ठिकाण फार आवडले. रॉयल सोसायटीच्या शास्त्रज्ञांचे वार्षिक भोजन १७४६ पर्यंत तिथेच होत असे. जॉन एव्हलिन हा रोजनिशीकार १६८३ मध्ये फ्रांस्वा-ऑग्युस्तला भेटला. अनेक भाषा बोलणारा, श्रीमंत, देखणा, पण अति अभ्यासाने डोके थोडे फिरलेला गृहस्थ, असे त्याचे वर्णन एव्हलिनने केले आहे. उत्पादकाने स्वतःच गिऱ्हाइकाच्या शहरात जाऊन आपला माल आपल्या नावाने, आपल्या भावाने, आपल्याच मेजावर वाढायचा, हा त्या काळात धाडसाचा विचार होता. या सबंध इतिहासातले सर्वांत कल्पक पाऊल कोणते, असे विचारले तर या खानावळीकडेच बोट दाखवावे लागेल.

तत्त्वज्ञ जॉन लॉक मे १६७७ मध्ये स्वतः बागेत आला. पश्चिमेकडे उतरणारी ती टेकाडी जमीन, पांढरी वाळू आणि खडी पाहून इथे काही उगवत असेल यावर त्याचा विश्वास बसेना. व्यापाऱ्यांनी त्याला खात्रीने सांगितले की, मध्ये फक्त एक चर असलेल्या शेजारच्या मळ्यात, दिसायला अगदी तशीच जमीन असूनही, इतकी चांगली वाइन होत नाही. भाव का चढला याचे कारणही त्याने टिपले आहे. धनिक इंग्रज वाटेल त्या किमतीला सर्वोत्तम तेच पाठवा, असा हुकूम सोडत.

पुढच्या काळात इंग्लंड आणि फ्रान्स वारंवार लढले. इंग्लंडने फ्रेंच वाइनवर कधी बंदी घातली, कधी जबर जकात बसवली. १७०३च्या मेथ्युएन तहाने पोर्तुगीज वाइनला सवलत मिळाली. फ्रेंच वाइनवरची जकात मालाच्या किमतीवर नव्हती, मापावर होती. स्वस्त वाइनचे पिंप आणि ओ-ब्रियोंचे पिंप यांना सारखाच कर. मग स्वस्त माल आणून परवडेना आणि बोर्दोहून लंडनला जे जाई ते उंचीच जाई. जकातीने बोर्दोच्या साध्या शेतकऱ्याचे नुकसान केले आणि चार-दोन मोठ्या बागांचे भले. मेदॉक भागातल्या मार्गो, लाफीत आणि ला तूर या बागाही पोंताकांच्या वाटेने चालू लागल्या.

मे १७८७ मध्ये थॉमस जेफरसन बोर्दोला आला. तो तेव्हा अमेरिकेचा फ्रान्समधला राजदूत होता. त्याने पहिल्या प्रतीच्या बागा म्हणून चार नावे लिहून ठेवली: मार्गो, ला तूर, ओ-ब्रियों, लाफीत. ओ-ब्रियोंच्या काही पेट्या त्याने व्हर्जिनियातल्या आपल्या मेहुण्याकडे रवाना केल्या. तेव्हाचा मालक जोझेफ द फ्युमेल याचा सात वर्षांत शिरच्छेद झाला. १७९४ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या दहशतीत तो गिलोटिनखाली गेला. १८०१ ते १८०४ ही बाग नेपोलियनचा परराष्ट्रमंत्री तालेरां याच्याकडे होती. मुत्सद्द्याच्या मेजावर अशा वाइनचा काय उपयोग असतो, हे त्याला कोणी सांगायला नको होते. १८३६ मध्ये लारिय घराण्याने ती घेतली आणि पुढे बराच काळ नीट सांभाळली.

१८५५ मध्ये पॅरिसला तिसऱ्या नेपोलियनचे जागतिक प्रदर्शन भरले. त्यासाठी बोर्दोच्या वाइन-दलालांनी तांबड्या वाइनची पाच वर्गांची प्रतवारी तयार केली. त्यांनी नवे काही चाखून पाहिले नाही. कित्येक वर्षांचे भाव त्यांच्या वह्यांत होतेच. पहिल्या वर्गात जेफरसनच्याच चार बागा आल्या. यादीतल्या बाकी सगळ्या बागा मेदॉकच्या, ओ-ब्रियों तेवढे ग्रावचे. तिचा भाव इतका वरचा होता की दलालांना ती वगळता आली नाही. पुढे या पहिल्या वर्गात एकाच बागेची भर पडली, १९७३ मध्ये मुटों-रॉथशिल्डची.

त्यानंतर फिलॉक्सेरा आला. अमेरिकेतून आलेली ही बारीक मावा-कीड वेलीच्या मुळांवर जगते. फ्रान्सभरच्या बागा तिने वाळवल्या. इलाजही अमेरिकेतूनच आला. तिथल्या रानवेलींची मुळे या किडीला पुरून उरत, म्हणून त्यांच्या खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम करायचे. टेक्सासचा द्राक्षतज्ज्ञ टी. व्ही. मन्सन याने अशा रानवेली शोधण्यात फ्रेंचांना मोठी मदत केली. नाशिक-सांगलीचे द्राक्ष बागायतदार पाण्याच्या टंचाईवर आणि क्षारांवर उपाय म्हणून जो डॉगरिज खुंट लावतात, तोही टेक्सासच्याच रानवेलींतला.

टेक्सासमध्येच जन्मलेला न्यूयॉर्कचा बँकर क्लॅरेन्स डिलन याने १९३५ मध्ये ओ-ब्रियों विकत घेतले. मंदी होती, १९३०, ३१ आणि ३२ अशी सलग तीन वर्षे हंगाम वाईट गेले होते आणि बोर्दोच्या मोठमोठ्या बागांना गिऱ्हाईक नव्हते. डिलनने पडझड दुरुस्त केली, तळघरांत वीज आणि नवी यंत्रे आणली. दुसऱ्या महायुद्धात शातोचे आधी इस्पितळ झाले, मग जर्मन वैमानिकांचे विश्रांतिगृह. डिलनचा मुलगा डग्लस पुढे फ्रान्समधला अमेरिकेचा राजदूत आणि केनेडींचा अर्थमंत्री झाला. बाग आजही त्याच कुटुंबाकडे आहे.

मालकांइतकेच देलमास कुटुंबाचे नाव घ्यायला हवे. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्ज देलमास व्यवस्थापक म्हणून आले, त्यांच्यानंतर मुलगा झां-बर्नार, आणि मग नातू झां-फिलिप. झां-बर्नार यांनी १९६१ मध्ये लाकडी टाक्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवल्या. पहिल्या वर्गातल्या कोणत्याही बागेने तोवर हे केले नव्हते, आणि परंपरेचे अभिमानी नाराज झाले. पण रस आंबताना तापतो, आणि फार तापला तर वाइन बिघडते. स्टीलची टाकी बाहेरून पाणी सोडून थंड ठेवता येते. पुढे बोर्दोतल्या बहुतेक मोठ्या बागांनी हाच मार्ग धरला. झां-बर्नार यांनी वेलींच्या निवडीवरही वर्षानुवर्षे काम केले, मर्लो आणि कॅबर्ने यांचे नमुने वेगवेगळे लावून, मोजून, चाखून. मालक बदलले, राज्ये बदलली, तरी वाइनची चव सांभाळली ती अशा माणसांनी आणि वाकून घड तोडणाऱ्या मजुरांनी. त्या मजुरांची नावे कोणत्याही यादीत नाहीत.

रस्त्याच्या पलीकडे ला मिसियों ओ-ब्रियों ही बाग आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून क्रांतीपर्यंत ती लाझारिस्ट पंथाच्या धर्मगुरूंकडे होती, विसाव्या शतकात वोल्टनर कुटुंबाकडे. दोन्ही बागांची चुरस जुनी. १८५५च्या यादीत ला मिसियोंचे नाव नव्हते, तरी तिला मानणारे जाणकार पुष्कळ होते. १९८३ मध्ये डिलन कुटुंबाने ती विकत घेतली. दोन्ही वाइन एकत्र करून एकाच मोठ्या नावाखाली विकणे त्यांना शक्य होते, व्यापाराच्या दृष्टीने सोयीचेही होते. त्यांनी तसे केले नाही. मालक एक, राबणारी माणसे एक, द्राक्षांच्या जाती त्याच, मध्ये फक्त रस्ता. तरी घड वेगळे तोडले जातात, रस वेगळ्या टाक्यांत आंबतो, पिंपे वेगळी राहतात. व्यापाऱ्यांनी लॉकला चराविषयी जे सांगितले होते, ते आता एकाच हंगामाच्या या दोन बाटल्या शेजारी उघडून ताडून पाहता येते.