भीतीवरचा उपचार आणि दूरचा गुरू

चिंताविकारांवर गुण देणारा उपचार माणसाला फार पूर्वी सापडला, पण तो देणारी माणसे आजही पुरेशी नाहीत. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. चिंता, नैराश्य यांसारखे विकार असलेल्या शंभरांपैकी ऐंशीहून अधिक जणांना उपचारच मिळत नाहीत, असे त्यात दिसून आले. आपल्याकडे लाखभर लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. मग उपचार करणारे हात वाढवायचे कसे? इंटरनेटवरून ही विद्या शिकवता येईल का? प्रश्न आजचा वाटतो, पण त्याचा इतिहास संगणकाच्या बराच आधी सुरू होतो.

अमेरिकेत १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या संशोधिकेने पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. पीटरला सशाची भयंकर भीती वाटे. तो आवडीचा खाऊ खात असताना ससा पिंजऱ्यात घालून लांब ठेवायचा आणि पुढे हळूहळू जवळ आणायचा, असा क्रम बाईंनी ठेवला. अखेर पीटर सशाला कुरवाळू लागला. पुढे दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टर जोसेफ वोल्पे यांनी या कल्पनेला शास्त्रशुद्ध रूप दिले. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात काम करताना त्यांनी युद्धाने खचलेले जवान पाहिले होते आणि तेव्हाच्या उपचारांनी त्यांचे समाधान झाले नव्हते. १९५८ साली आलेल्या ग्रंथात त्यांनी आपली पद्धत मांडली. शरीर सैल सोडायला शिकायचे, भीतीच्या प्रसंगांची लहानापासून मोठ्यापर्यंत शिडी करायची आणि मनातल्या मनात ती एकेक पायरी चढायची.

नंतरच्या काळात असे लक्षात आले, की कल्पनेपेक्षा प्रत्यक्ष सामोरे जाणे अधिक गुणकारी ठरते. लिफ्टची भीती असलेला माणूस जिना धरतो तेव्हा त्याला हायसे वाटते. पण त्या सुटकेनेच भीती पोसली जाते. तो लिफ्टमध्ये थांबला, पुन्हा पुन्हा थांबला, तर आपल्याला वाटते तसे अरिष्ट कोसळत नाही, हे त्याला अनुभवाने कळते. वर्तनोपचाराचे मर्म एवढेच आहे.

मर्म कळले, पण ते रुग्णापर्यंत नेणार कोण? लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात डॉ. आयझॅक मार्क्स यांनी १९७२ मध्ये एक धाडस केले. भयगंड आणि मंत्रचळ यांवरचा वर्तनोपचार त्यांनी परिचारिकांना शिकवायला घेतला. या परिचारिकांच्या हाताखाली रुग्णांना आलेला गुण डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ यांच्या रुग्णांच्या तोडीचा ठरला. लांबलचक पदवीवाचून हे काम होऊ शकते, हे सिद्ध झाले. अर्थात त्या परिचारिका शिकल्या त्या अनुभवी माणसांच्या नजरेखाली. ही नजर दूरच्या गावी कशी पोहोचवायची, हा प्रश्न उरलाच.

त्याचे एक उत्तर मुंबईत टपालाने आले होते. न्यूयॉर्कचे डॉ. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत मांडली. चिंतेच्या मुळाशी असलेल्या हटवादी विचारांना आव्हान देणारी ही पद्धत. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि आपल्याकडे अनेकांना शिकवली. दूरशिक्षणाचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही. छापील धडा सगळ्यांना सारखेच सांगतो. पत्रात मात्र शिष्याला शंका विचारता येते आणि गुरूला त्याच शंकेचे उत्तर देता येते.

इंटरनेट आल्यावर या गोष्टीची रीतसर परीक्षा झाली. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये ७८ समुपदेशकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. विषय व्यसनमुक्तीचा होता, पण शिकवायची होती ती विचार आणि वर्तन यांवरचीच उपचारपद्धती. काहींना नुसते पुस्तक दिले, काहींना पुस्तकाच्या जोडीला संकेतस्थळ आणि काहींना पुस्तक, प्रत्यक्ष वर्ग व नंतरची देखरेख. तिसरा गट सर्वांत पुढे गेला, पुस्तकवाला मागे राहिला आणि संकेतस्थळवाला मधोमध.

२०१४ मध्ये आलेला दुसरा अभ्यास थेट चिंताविकारांवरचा होता. भीतीला सामोरे नेण्याचा उपचार पूर्वी न शिकलेल्या १८१ जणांना तो ऑनलाइन शिकवण्यात आला. नुसत्या ऑनलाइन धड्यांनीही त्यांचा आत्मविश्वास वाढला आणि ते उपचार वापरू लागले. पण ज्या गटाला धड्यांच्या जोडीला उत्तेजन देणारा एक लहान पाठ आणि इतर शिकणाऱ्यांशी नियमित विचारविनिमय करण्याची सोय मिळाली, त्याचा या उपचाराकडे पाहण्याचा दृष्टिकोन अधिक सुधारला आणि प्रत्यक्ष कसबही अधिक चांगले ठरले.

दृष्टिकोनाचे एवढे महत्त्व का? कारण या उपचारात घाबरणारा एकटा रुग्ण नसतो. समोरच्याचा श्वास वाढलेला, हात थरथरणारे, आणि तरीही ‘थांबा, आपण इथेच राहू’ असे शांतपणे म्हणायचे, हे नवशिक्या उपचारकाला जड जाते. त्याला दया येते आणि तो पायरी सोपी करून टाकतो. अशा वेळी तोही रुग्णासारखीच पळवाट काढत असतो. ध्वनिमुद्रिका ऐकून राग ओळखता येतो, पण आपला सूर घसरला हे सांगायला ऐकणारे कुणीतरी लागते, तसेच हे आहे.

आपल्याकडचा अनुभवही हेच सांगतो. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगत’ संस्थेने सामान्य शिक्षण झालेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशनासाठी तयार केले. नैराश्य आणि चिंता यांवरच्या या ‘मानस’ प्रयोगाचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. सरकारी आरोग्यकेंद्रांत बरे झालेल्यांचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. खासगी दवाखान्यांत तसा फरक पडला नाही. तिथे समुपदेशक एकटे सोडलेले नव्हते, पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ होते. पुढे याच संस्थेने मध्य प्रदेशातील सिहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्तींना नैराश्यावरचे समुपदेशन मोबाइलवरून शिकवून पाहिले. ‘निम्हान्स’ने २०१८ मध्ये डिजिटल अकादमी सुरू केली आणि २०२० च्या करोनाकाळानंतर तर ऑनलाइन शिकणे अंगवळणीच पडले.

म्हणून मला वाटते, ऑनलाइन प्रशिक्षणाला नाके मुरडू नयेत आणि त्यावर भाळूही नये. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या समुपदेशकाला मुंबईत वर्षभर राहणे परवडणार नाही. त्याच्यासाठी हाच रस्ता आहे. पण अशा अभ्यासक्रमाची जाहिरात दिसली, तर प्रमाणपत्राच्या आधी एक गोष्ट विचारावी: माझे काम कोण पाहणार, आणि किती दिवस? याचे नीट उत्तर मिळाले, तर तालुक्याच्या गावात वर्षानुवर्षे घराबाहेर न पडलेल्या एखाद्या बाईला दाराबाहेर चार पावले सोबत करणारे माणूस मिळेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)