गच्चीवरचे विमान

बारामतीच्या धावपट्टीवरून उडालेले शिकाऊ विमान इंदापूरच्या अंगाला वळले की आपल्या वर्गाच्या मानाही खिडकीकडे वळत. विमान घरी बांधता येते, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

मूळचे सातारा जिल्ह्यातील वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत, कांदिवलीच्या चारकोपमध्ये, इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. अशा कामात खरी कसोटी इंजिन आणि वायरिंगची. इंजिन रबरी गाद्यांवर बसवतात, नाहीतर थरथरीने सांगाडा खिळखिळा होतो. विमानाच्या इंजिनातला मॅग्नेटो स्वतःच ठिणगी देतो; बॅटरी संपली तरी इंजिन चालते. मात्र तो बंद करण्यासाठी त्याची तार अर्थ करावी लागते. ती तुटली, तर चावी बंद असतानाही पंखा हाताने फिरवताच इंजिन पेटू शकते. भौतिकशास्त्राच्या तासाला पाठ केलेले ‘अर्थिंग’ इथे जिवावर बेतते.

2016 मध्ये हे विमान मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले. नोंदणी 2017 मध्ये, उड्डाणाची परवानगी 2019 मध्ये मिळाली आणि 2020 मध्ये ते धुळ्यात उडाले. गच्चीवरून खाली उतरलेल्या विमानाला आभाळ गाठायला चार वर्षे लागली.

सर, खिडकीबाहेर पाहिल्याबद्दल तेव्हा छड्या खाल्ल्या. आज वाटते, थोडे अजून पाहायला हवे होते.