मोरीपासून भीमेपर्यंत

पाण्याचा इतिहास आपल्याकडे बहुधा येणाऱ्या पाण्याचा असतो. धरण कधी झाले, कालवा कुठवर पोचला, नळ कोणत्या साली बसला, याच्या नोंदी दप्तरात सापडतात. घराच्या मोरीतून बाहेर पडलेल्या पाण्याचे पुढे काय झाले हे मात्र विचारावे लागते, आणि तेही म्हाताऱ्या बायकांना. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत कागद आणि माणसे दोन्ही धुंडाळताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. इथे पाणी आणण्याच्या योजना एकामागून एक झाल्या आणि प्रत्येक वेळी निचरा विसरला गेला.

आधी भूगोल ध्यानात घेऊ. इंदापूरच्या उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, दक्षिणेला नीरा. दोघींचा संगम तालुक्याच्या टोकाला, नरसिंहपूरला. देहू-आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेत येते, पुण्याची मुळा-मुठा रांजणगाव सांडसला. म्हणजे पुण्यात वापरलेले पाणी उताराने इंदापूरच्या शिवेवर येते.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने हा भाग होरपळला. त्यानंतर दुष्काळनिवारणाचे काम म्हणून नीरा डावा कालवा निघाला आणि त्याला पाणी पुरवण्यासाठी भोरजवळ भाटघरचे धरण बांधले गेले. कालव्याखालची गावे बागायती झाली, ऊस आला. पण पाटाचे पाणी शेतात मुरले ते बाहेर पडेना. भूजल वर चढले, क्षार पृष्ठभागावर आले, जमिनी खारवटल्या. हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींचा अभ्यास १९१० साली प्रसिद्ध केला. कालवा येऊन जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती. आलेल्या पाण्याला जायला वाट हवी, हा धडा शेतीने तेव्हाच घेतला. चर खणणे सुरू झाले. घरांपर्यंत तो धडा आला नाही, कारण तेव्हा घरांना त्याची गरज नव्हती.

ती का नव्हती, हे सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यात कळते. तिथे पाणी घागरीने मोजले जाई. भाजी धुतलेले, भांड्यांचे पहिले खरकटे पाणी कोंडा कालवून जनावरापुढे जाई. भांडी चुलीच्या राखेने घासत. राखेतला क्षार तुपातेलाचा ओशटपणा काढतो आणि तिच्यातला पालाश मातीला खत होतो. अंघोळीच्या दगडाखालून निघालेले पाणी अळू, केळ, कर्दळीच्या मुळाशी संपे. उरलेसुरले उकिरड्यात. एकच घागर दोनतीनदा उपयोगी पडे आणि अंगणाबाहेर ओघळ जात नसे.

हे वाचून कुणी पूर्वजांच्या शहाणपणाचे गोडवे गाऊ नयेत. ही काटकसर बायकांच्या डोक्यावरून येत होती. एका आजींनी मला सांगितले, “पानी टाकवत नव्हतं बाळा, कारण आनायचं मलाच.” शिवाय गावच्या विहिरीवर सगळ्यांना पाणी भरता येत नव्हते. ज्यांना ते ओंजळीत घालून घ्यावे लागे, त्यांच्या काटकसरीला पर्यावरणप्रेम म्हणणे ही चेष्टा ठरेल. म्हणून जुन्या घरातून घ्यायची ती पाणी जिरवण्याची रीत. कष्ट नव्हे.

ही रीत मोडली ती तुकड्यातुकड्याने. १९६९ मध्ये निरमा पावडर निघाली आणि पुढच्या वर्षांत स्वस्त डिटर्जंट खेड्यात पोचले. गॅस आला, चूल गेली. धूर गेला हे चांगलेच झाले, पण त्याबरोबर राखही गेली. १९८० साली भीमेवर उजनी धरण पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसीच्या त्या जलाशयात इंदापूरची कित्येक गावे गेली; पळसदेवचे जुने देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की अजून वर येते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड वाढत गेली, तसा त्यांच्या मोऱ्यांचा मैला आणि साबण याच जलाशयात साचू लागला. नत्र आणि स्फुरद मिळाले की जलपर्णी फोफावते. शेतात याच दोन गोष्टी आपण विकत आणून टाकतो.

दोष एकट्या शहराचा नाही. २०१९ च्या जलजीवन मिशनने ग्रामीण घरासाठी माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे माप धरले. नळ घरात आला आणि डोक्यावरची घागर उतरली, याचे मोल शब्दांत सांगता येणार नाही. पण हिशोब मांडून पाहा. पाच माणसांच्या घरात २७५ लिटर. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के सांडपाणी होते असे अभियंते धरतात, म्हणजे २२० लिटर. पाचशे उंबऱ्यांच्या गावात रोज एक लाख दहा हजार लिटर. त्याची वाट काय, तर उघडे गटार, मग ओढा, मग नदी. १९१० साली शेतात जे दिसले, तेच आता गल्लीत दिसते.

उपाय जुनेच आहेत. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने (हे हिमायतनगर तालुक्यातले, उजनीजवळचे नव्हे) घरोघर शोषखड्डे घेतले, गटारे बंद झाली, डास हटले, आणि तो ‘नांदेड पॅटर्न’ राज्यभर माहीत झाला. खड्ड्यात भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे, वर झाकण, एवढेच त्याचे तंत्र. मात्र आपल्याकडे तो डोळे मिटून घेऊ नये. नीराकाठच्या खोल काळ्या मातीत पाणी मुरत नाही, खड्डा तुंबतो. तिथे अंघोळीचे पाणी परसात केळी-अळूकडे वळवणे बरे. मुरमाड जिरायतीत खड्डा उत्तम चालतो. पिण्याची विहीर किंवा बोअर पंधरा मीटरच्या आत असेल तर तो घेऊ नये, आणि संडासाचे पाणी त्यात कधीही सोडू नये. पावडर मापात घालावी, खरकटे मोरीत न लोटता आधी पुसून घ्यावे. खड्डा खणण्याचे आणि दोनतीन वर्षांनी तो उपसण्याचे काम मात्र घरच्या पुरुषांनी अंगावर घ्यावे. नाहीतर जुनी काटकसर नव्या नावाने पुन्हा बाईच्याच वाट्याला यायची.

तुकोबांची पालखी देहूहून निघते ती बारामती, इंदापूर करत सराटीला नीरेत पादुकांचे स्नान घालून पंढरीला पोचते. देहूच्या मोऱ्यांचे पाणीही इंद्रायणी, भीमा, उजनी असे त्याच गावाला निघालेले असते. चंद्रभागेत उतरणाऱ्या वारकऱ्याच्या अंगाला ते लागते.