मावशींच्या बोटाला दोष देण्याआधी

गेल्या वेळी आपण सातवाहनांच्या नाण्यांवर बोललो होतो. आज दोन हजार वर्षं पुढे उडी मारायची आहे, पण गाव तेच, आपलं पैठण. विषय जरा वेगळा आहे. कॉम्प्युटर म्हणतो "सर्व्हिसशी कनेक्ट होता येत नाही", तेव्हा नक्की कोण कुणाशी बोलत नसतं? आणि त्याचा फटका कुणाला बसतो?

२०२२ चा उन्हाळा. मी कॉलेजच्या सुट्टीत मामाच्या सेवा केंद्रात बसायचो. पी.एम. किसानच्या ई-केवायसीसाठी बाहेर ही रांग! त्या रांगेतून शेजारच्या गावच्या एक मावशी आल्या. ई-केवायसी नाही केली तर दोन हजारांचा हप्ता थांबेल, असं त्यांना गावात कुणीतरी सांगितलं होतं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला, म्हणजे ओटीपीचा रस्ता गेला. उरलं बोट. आणि ते बोट जन्मभर कापूस वेचून, बोंडांनी चिरून, गुळगुळीत झालेलं.

यंत्रावर बोट ठेवलं. स्क्रीनवर आलं, "डिव्हाइस नॉट रेडी". मी बोट पुसलं, साबणाने धुऊन यायला सांगितलं, दुसरं बोट घेतलं, जोरात दाबायला लावलं. शेवटी वैतागून म्हणालो, "मावशी, तुमचे ठसेच येत नाहीत." त्या स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. काही बोलल्या नाहीत.

मी चुकीचं बोललो होतो. त्यांचा ठसा कुणी वाचलाच नव्हता.

हे समजायला आधी "सर्व्हिस" म्हणजे काय ते बघू. पैठणच्या माणसाला हे समजावणं एकदम सोपं आहे. नाथांच्या वाड्यातला रांजण आठवा. कथा अशी की श्रीखंड्या नावाचा गडी बारा वर्षं कावडीने गोदावरीचं पाणी आणून तो रांजण भरत राहिला आणि तो खरा कोण हे घरात कुणाला कळलं नाही. नाथषष्ठीला आजही लोक त्या रांजणात पाणी ओततात. कॉम्प्युटरमधली सर्व्हिस अशीच असते. तिला खिडकी नाही, बटण नाही. मागे राबत असते, आणि रांजण भरलेला आहे तोवर तिची आठवण कुणालाच येत नाही.

अमेरिकेत एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये, १९६३ च्या सुमारास, फर्नांडो कॉर्बातो यांच्या मंडळींनी अशा प्रोग्रामना "डीमन" म्हणायला सुरुवात केली. घाबरू नका, हे भूतबित नव्हे. १८६७ मध्ये मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने एक काल्पनिक चिमुकला जीव रंगवला होता, जो दारात बसून वायूचे वेगवान आणि संथ रेणू वेगळे करत राहतो. नाव तिथून आलं. पुढे जुलै १९९३ मध्ये विंडोज एनटी बाजारात आलं आणि त्यात या सगळ्या गड्यांवर एक मुकादम नेमलेला होता, सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर. कुणाला कधी उठवायचं, कोण कुणाच्या आधी उठलं पाहिजे, कोण मेलं तर काय करायचं, हे सगळं तो बघतो. मुकादम कडक आहे. नव्या सर्व्हिसने साधारण ३० सेकंदांत "हजर" म्हटलं नाही, तर तो एरर १०५३ टाकून मोकळा. तिला ज्याची गरज आहे ती दुसरी सर्व्हिसच उठली नसेल तर एरर १०६८. मामाचा कॉम्प्युटर चालू व्हायलाच इतका वेळ घ्यायचा की ३० सेकंद त्याच्यासाठी काहीच नव्हते!

आता बोटाकडे या. सहीऐवजी ठसा घेणं आपल्याकडे जुनं आहे. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या ठेकेदाराच्या करारावर त्याचा अख्खा पंजा उमटवून घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय उघडलं. तो काळ शाईचा. शाईची एक गोष्ट मला फार आवडते, ठसा उमटला की नाही ते अंगठा देणाऱ्यालाही दिसायचं. कागद समोरच असायचा.

मग आधार आलं. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला महाराष्ट्रातच दिला गेला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, रंजना सोनवणे यांना. सुरुवातीच्या काही वर्षांत ठसा यंत्रातून निघून आधी कॉम्प्युटरवरच्या ॲपमध्ये यायचा आणि मग पुढे जायचा. धोका उघड आहे, मधल्या मध्ये कुणी तो साठवून ठेवला तर? माणूस घरी, आणि त्याचा ठसा इकडे पुन्हा वापरात! म्हणून २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने "रजिस्टर्ड डिव्हाइस"ची अट आणली. प्रत्येक यंत्राला स्वतःची ओळख, आणि ठसा सहीशिक्क्यासह कुलूपबंद होऊनच पुढे जाणार. हे काम करायला प्रत्येक यंत्राबरोबर एक सर्व्हिस आली, आरडी सर्व्हिस. निर्णय बरोबरच होता, याबद्दल माझं दुमत नाही. पण त्या दिवसापासून मावशींचं बोट आणि त्यांचे दोन हजार यांच्यामध्ये एक न दिसणारा गडी उभा राहिला.

ही सर्व्हिस बोलते कशी? ब्राउझरमधलं पान त्याच कॉम्प्युटरला, १२७.०.०.१ या स्वतःच्याच पत्त्यावर, हाक मारतं. ठरलेले दरवाजे म्हणजे पोर्ट ११,१०० ते ११,१२०. एकूण २१. (जायकवाडीला २७ आहेत, तेव्हा हे काहीच नाही.) पान एकेका दरवाजावर विचारतं, "आरडी सर्व्हिस आहे का?" उत्तर येतं, "रेडी" किंवा "नॉट रेडी". रेडी असेल तरच ठसा घेतला जातो आणि आधारच्या सर्व्हरकडे जातो.

म्हणजे बिघाड दोन टोकांना होऊ शकतो, आणि दोन्हीचे आकडे वेगळे आहेत. ७२० म्हणजे यंत्र तयार नाही. ७०० म्हणजे ठसा घेण्याची वेळ संपली. हे दोन्ही आपल्या टेबलावरचे घोळ. ३०० म्हणजे ठसा सर्व्हरपर्यंत पोचला, पण नोंदीशी जुळला नाही. झिजलेल्या बोटाचा प्रश्न मुख्यतः या ३०० मध्ये दिसतो. मी ७२० बघून ३०० चं भाषण देत होतो!

दुपारी मामा जेवायला गेल्यावर मी शोध घ्यायला बसलो. विंडोजचं बटण आणि आर दाबून "सर्व्हिसेस डॉट एमएससी" उघडलं. यादीत आरडी सर्व्हिस दिसली, शेजारी "रनिंग". मग अडचण काय? खाली सरकलो तर अजून एक आरडी सर्व्हिस, तीही "रनिंग". आधीचं यंत्र बिघडलं म्हणून मामाने दुसऱ्या कंपनीचं आणलं होतं, पण जुन्याची सर्व्हिस काढलीच नव्हती. नेटस्टॅट कमांडने बघितलं तर ११,१०० चा दरवाजा जुनीने अडवलेला आणि नवी बिचारी ११,१०१ वर. पान पहिल्या दरवाजावर विचारायचं, आतून जुना गडी "नॉट रेडी" म्हणायचा, कारण त्याचं यंत्र कपाटात पडलेलं. पान तिथूनच परत फिरायचं.

जुनं सॉफ्टवेअर काढलं. नव्या सर्व्हिसचं स्टार्टअप "ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट" केलं, म्हणजे सकाळच्या गर्दीत तिने इतरांचं होऊ द्यावं आणि मग उठावं. रिकव्हरीच्या टॅबमध्ये "बंद पडली तर पुन्हा चालू कर" निवडलं. जाता जाता घड्याळ बघितलं, तारीखही चुकलेली होती. बोर्डावरची बॅटरी संपली की असं होतं, आणि तारीख चुकली की सुरक्षित कनेक्शनची प्रमाणपत्रं कॉम्प्युटरला खोटी वाटायला लागतात. तेही दुरुस्त केलं. सगळं मिळून अर्धा तास. सकाळपासून किती लोकांना "उद्या या" म्हटलं होतं ते मोजलं नाही, मोजायची लाज वाटली.

मावशी बाहेर ओट्यावरच बसून होत्या, परतीच्या बसला वेळ होता म्हणून. बोलावलं. अंगठा ठेवला, दिवा लागला, "रेडी". आणि उत्तर आलं ३००. या वेळी खरंच ठसा जुळला नव्हता. मी म्हणालो, "मावशी, आता अनामिका ठेवा. कापूस वेचताना हे बोट कमी लागतं ना?"

"लेकरा, सकाळी तर म्हणलास माझे ठसेच नाहीत."

"सकाळी मशीनच बंद होतं, मावशी. माझी चूक."

त्यांनी अनामिका ठेवली. चक्र फिरलं, हिरवी खूण आली. मावशींनी बोट पदराला पुसलं, आधार कार्ड पिशवीत घातलं आणि दारातून मागे वळून म्हणाल्या, "त्या धोतरवाल्या आण्णांलाबी बोलाव. त्यांला बी तू हेच सांगितलंयस."