वावड्याची पारख

सर्वांच्या अंगी लागणारे अन्न एखाद्यालाच बाधावे, हा अनुभव फार जुना आहे. चीज कोणास सुखाने पचते आणि कोणास त्याचा त्रास होतो, अशी नोंद हिपोक्रेटिसच्या नावे चालत आलेल्या ग्रीक वैद्यकग्रंथांतही आढळते. मराठीत तर या प्रकाराला ‘वावडे’ असा स्वतंत्र शब्दच आहे. परंतु वावडे आहे असे म्हणणे वेगळे आणि ते सिद्ध करून दाखविणे वेगळे. प्रौढ मनुष्य निदान घसा खाजतो, ओठ चुरचुरतात, एवढे तरी सांगतो. दीड वर्षाचे मूल केवळ रडते. ते भुकेने रडते, दातांमुळे की अन्नामुळे, हे आईने व वैद्याने तर्काने ठरवावयाचे. म्हणूनच की काय, वावड्याच्या परीक्षेचा इतिहास हा पुष्कळ अंशी बालरोगतज्ज्ञांचा इतिहास आहे.

‘अॅलर्जी’ हा शब्दही एका बालरोगतज्ज्ञाचाच. व्हिएन्नाचे क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तो १९०६ साली योजिला. उपचार म्हणून प्राण्यांचे रक्तजल टोचलेल्या मुलांना दुसऱ्या खेपेस ताप व पुरळ अधिक लवकर येतो, हे त्यांनी व बेला शिक यांनी पाहिले होते. शरीराच्या या बदललेल्या प्रतिसादाला त्यांनी हे नाव दिले. त्यात अन्नाचा विचार अद्याप मुख्य नव्हता.

तो विचार पुढे आणला न्यूयॉर्कच्या ऑस्कर श्लॉस यांनी. १९१२ साली त्यांनी एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. हा मुलगा १४ महिन्यांचा असताना त्याला अंडे भरविले, तेव्हा त्याचे तोंड सुजले आणि अंगावर गांधी उठल्या. पुढे बदाम व ओट यांनीही तसेच होऊ लागले. श्लॉस यांनी त्याच्या त्वचेवर बारीक ओरखडे काढून त्यांत निरनिराळे अन्नपदार्थ चोळले. अंडे, बदाम व ओट यांच्या ठिकाणी गांधी उठल्या. आईचे सांगणे आणि त्वचेची साक्ष तंतोतंत जुळली. एवढ्यावर न थांबता, अंड्याच्या पांढऱ्या भागातील नेमके कोणते द्रव्य बाधते याचा त्यांनी शोध घेतला, आणि ते द्रव्य अत्यल्प मात्रेपासून चढत्या क्रमाने देऊन मुलाची सोसण्याची शक्ती वाढविली. परीक्षा आणि उपचार यांची सांगड इतकी चोख पुढे कित्येक वर्षे दिसत नाही.

परंतु प्रत्येक मूल असे सोयीचे नसते. इसबाने ज्याचे सर्वांग सोलवटले आहे, त्याच्या त्वचेवर ओरखडे काढावयाचे कोठे? यातून एक विलक्षण मार्ग निघाला. १९२१ साली ब्रेस्लाउ येथे हाइन्झ क्यूस्टनर या मासे न सोसणाऱ्या डॉक्टरांचे रक्तजल कार्ल प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचताच गांध उठली. बाधेचे बीज रक्तात आहे, हे त्यावरून कळले. मग तान्ह्या मुलाचे रक्तजल दुसऱ्याच्या, पुष्कळदा आईबापांच्याच, त्वचेत टोचून तेथे अन्नांची परीक्षा होऊ लागली. लेकराच्या वाट्याच्या सुया आईने आपल्या अंगावर घ्याव्या, असे दृश्य वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच दिसते. रक्तावाटे काविळीची लागण होण्याचा धोका ध्यानी आल्यावर ही रीत मागे पडली.

रक्तातील त्या बीजाची ओळख पटावयास १९६६-६७ साल उजाडले. अमेरिकेत किमिशिगे व तेरुको इशिझाका यांनी, आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांनी ते प्रतिद्रव्य हुडकले. त्याला ‘आयजीई’ म्हणतात. लवकरच ते रक्ताच्या नमुन्यातच मोजता येऊ लागले. मुलाला एकदाच टोचले की पुरे, ही मोठी सोय झाली. पण तिच्यातूनच एक भ्रमही बळावला. प्रतिद्रव्य सापडले म्हणजे वावडे ठरले, असा अर्थ लावून मुलांच्या ताटातून दूध, अंडी, गहू एकेक करून उचलले जाऊ लागले. वस्तुतः प्रतिद्रव्य असूनही ते अन्न बिनत्रास खाणारी मुले पुष्कळ असतात. निष्कारण वर्ज्य केलेल्या दुधाची किंमत मात्र वाढत्या हाडांना मोजावी लागते.

१९७६ साली चार्ल्स मे यांनी डेन्व्हरमध्ये दम्याच्या मुलांवर अधिक कठोर कसोटी लावली. संशयित अन्न कॅप्सूलमध्ये दडवून द्यावयाचे. कधी त्यात अन्न, कधी नुसतीच निरुपद्रवी पूड. कोणत्या वेळी काय दिले हे मुलाला ठाऊक नाही आणि पाहणाऱ्यालाही नाही. ज्यांच्यावर वावड्याचा शिक्का बसला होता, अशा बऱ्याच मुलांना त्या अन्नाने काहीच झाले नाही.

तरीही भयाचा पगडा सुटला नव्हता. २००० साली अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने, घराण्यात अॅलर्जी असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये, असा सल्ला दिला. २००८ साली तो पुराव्याअभावी सोडून द्यावा लागला. त्याच वर्षी गिडिअन लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, ब्रिटनमधील ज्यू मुलांत शेंगदाण्याचे वावडे इस्रायलमधील मुलांच्या सुमारे दहापट आहे. आणि इस्रायलमध्ये तर शेंगदाण्याचा खाऊ पहिल्या वर्षीच तोंडी लागतो. शेंगदाण्याच्या कुटावाचून ज्यांची कोशिंबीर होत नाही, त्या घरांना हा शोध फारसा नवलाचा वाटू नये. लॅक यांनी मग ४ ते ११ महिन्यांची ६४० बालके निवडली. सर्वांना तीव्र इसब किंवा अंड्याचे वावडे होते. त्वचेची परीक्षा प्रथम झाली; मोठी गांध उठली त्यांना वगळले. उरलेल्यांपैकी निम्म्यांना शेंगदाणा वर्ज्य, निम्म्यांना नियमित. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. परीक्षेत गांध न उठलेल्या बालकांपैकी वर्ज्य करणाऱ्यांत पाचव्या वर्षी १३.७ टक्के मुलांना वावडे आढळले, खाणाऱ्यांत १.९ टक्के. लहान गांध उठली होती त्यांच्यातही हेच प्रमाण ३५.३ आणि १०.६ असे पडले. मुलाला अन्नापासून दूर ठेवण्यासाठी वापरली जाणारी परीक्षा येथे त्याला ते निर्धास्तपणे भरविण्याच्या कामी आली. अर्थात अख्खा दाणा लहानग्याच्या घशात अडकतो. द्यावयाचा तो बारीक वाटून, पेजेत किंवा लापशीत मिसळूनच.

आज त्वचेवर अर्काचा थेंब ठेवून हलकेच टोचतात, पंधरा मिनिटे थांबतात आणि गांधीचा व्यास मोजतात. गांध तीन मिलिमीटर वा अधिक असली तर परीक्षा सकारात्मक धरतात, पण निर्णय तेवढ्यावर देत नाहीत. शंका उरलीच तर मुलाला रुग्णालयात बोलावितात. अॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाताशी ठेवून संशयित अन्न आधी कणभर, मग थोड्या थोड्या वेळाने चढत्या मात्रेने भरवितात, आणि शेवटचा घास दिल्यावरही मुलाला काही तास तेथेच खेळत ठेवतात.