दीड हत्तीचा कळप

सिरोंचा वनविभागात कमलापूरला हत्ती कॅम्प आहे. तिथले हत्ती मोजायला गणित लागत नाही. महावीराचार्यांच्या हत्तींना मात्र वर्गसमीकरण लागते.

राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इ.स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. अकराव्या शतकात पावुलूरी मल्लणाने तो तेलुगूत नेला. प्राणहितेपलीकडे तेलंगण असलेल्या सिरोंच्यात हे कोडे दोन्ही भाषांत घालता येईल: कळपाचा तिसरा हिस्सा आणि उरलेल्यांच्या वर्गमुळाच्या तिप्पट हत्ती डोंगरउतारावर, तळ्यात एक हत्ती, तीन हत्तिणी. एकूण किती?

कळपालाच क्ष मानले की मूळचिन्ह पायात येते. म्हणून उरलेल्यांचे वर्गमूळ म मानायचे. मग उरलेले म², आणि म² = ३म + ४. म निघतो ४ किंवा −१. म ४ असेल तर उरलेले १६, कळप २४. −१ घेतला तर उरलेला १ आणि कळप दीड हत्तीचा! शिवाय वर्गमूळ ऋण धरत नाहीत, त्यामुळे ते उत्तर बाद.

महावीराचार्यांनी अशा उदाहरणांसाठी तयार नियम दिला. त्यामागची युक्ती उघड दिसते ती भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त, ११५० च्या सुमारास. भुंग्यांच्या थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ मालतीवर, आठ नवमांश थवा दुसरीकडे, एक जोडी मागे. इथे भास्कराचार्य थव्यालाच अव्यक्ताच्या, म्हणजे अज्ञात संख्येच्या, वर्गाची दुप्पट मानतात. मूळ आपोआप सुटते. अव्यक्त ६, भुंगे ७२. 

मूळ म्हणजे अपूर्णांकी घात; पण अपूर्णांकी घातांक लिहिण्याची आजची रीत फार उशिराची. न्यूटनने लायब्निझसाठी १६७६ साली धाडलेल्या पत्रात ती सर्रास दिसते. म्हणजे युक्ती आधी, चिन्ह पाच शतकांनी. शाळेत क्रम उलटा: आधी घातांकांचे नियम पाठ, मग एके दिवशी फळ्यावर ‘म मानू’. मुलांना तो गुरुजींचा लहरीपणा वाटला तर नवल नाही. आधी हत्ती मोजायला लावावेत.

मग क्षचा २/३ वा घात वजा क्षचा १/३ वा घात वजा ६ बरोबर शून्य, हे समीकरण घ्या. १/३ वा घात म मानला की म ३ किंवा −२, म्हणून क्ष २७ किंवा −८. इथे दोन्ही चालतात, कारण घनमूळ ऋण असू शकते. वर्गमूळ असते तर ताळा घ्यावाच लागतो, आणि परीक्षेत गुण जातात ते तो न घेतल्याने.