अथेन्सच्या बंदरावरचे विद्यार्थी

अथेन्स म्हटले की पेरिक्लीस, सॉक्रेटीस आणि प्लेटो ही तीन नावे आपल्यापुढे उभी राहतात. ख्रिस्तपूर्व ३९९ साली सॉक्रेटिसाने विषाचा पेला ओठांना लावला आणि त्यानंतर लवकरच त्या नगरीचा इतिहास आटोपला, अशी आपली एक समजूत झालेली असते. वस्तुस्थिती निराळी आहे. त्यानंतर नऊशेहून अधिक वर्षे अथेन्स शिकवीत होते. राज्य गेले, आरमार गेले, व्यापार ओसरला; राहिली ती भाषा आणि राहिले ते नाव. एवढ्या भांडवलावर एका नगरीने इतकी शतके काढली, हे नवलच म्हटले पाहिजे. आणि हे भांडवल फळाला आणले कोणी? अथेन्सच्या मुलांनी नव्हे. सिरिया, आर्मेनिया, अरबस्तान, कॅपाडोशिया, इजिप्त अशा दूरदूरच्या प्रांतांतून समुद्र ओलांडून आलेल्या परक्यांच्या मुलांनी. त्यांचीच हकीकत आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

सोयीसाठी मी 'विद्यापीठ' हा शब्द वापरणार आहे. पण कुलगुरू, परीक्षा, पदवी यांपैकी तेथे काही नव्हते. होते ते गुरू, त्यांची घरे आणि त्यांच्याभोवती जमलेले शिष्य. इ. स. १७६ मध्ये रोमन सम्राट मार्कस ऑरेलिअस याने तत्त्वज्ञानाच्या चार पंथांसाठी आणि वक्तृत्वासाठी सरकारी वेतनाची आसने निर्माण केली. वेतन वर्षाला दहा हजार द्राख्मा, म्हणजे चांगलेच भरघोस. तथापि पुढेही विद्येचा मुख्य आधार विद्यार्थ्यांची फी हाच राहिला. आणि मी सांगणार आहे त्यातील पुष्कळ गोष्टींचे मूळ या फीतच आहे.

परक्या विद्यार्थ्यांची परंपरा त्याहून जुनी. ख्रिस्तपूर्व ८६ मध्ये सुल्ला या रोमन सेनापतीने अथेन्स लुटले, आणि अवघ्या सात वर्षांनी सिसेरो तेथे शिकावयास आला. जेत्याने जितांच्या दारी शिष्य म्हणून यावे, असा हा प्रकार. पुढे सिसेरोचा मुलगाही आला. रोममधील घरभाड्याच्या उत्पन्नातून बाप त्याला खर्चाला पैसे पाठवी. मुलगा कोणा गॉर्गिअस नावाच्या शिक्षकाच्या नादाने मद्यपानाकडे वळला, तेव्हा त्या शिक्षकाला सोडण्याचा हुकूम घरून सुटला. या मुलाचे एक पत्र आजही उपलब्ध आहे. ते त्याने बापाला नव्हे, बापाच्या विश्वासू चिटणिसाला लिहिले आहे. मागचे सारे विसरा, आता मी सुधारलो आहे, गुरुजी मला पुत्रवत् मानतात, माझ्याकडे जेवावयासही येतात, असे सगळे लिहून झाल्यावर शेवटी खरी मागणी येते: टिपणे उतरवून घेण्यात माझा फार वेळ जातो, तरी एक लेखनिक पाठवावा. दोन हजार वर्षे झाली, पण वसतिगृहातून घरी जाणाऱ्या पत्राचा नमुना काही फारसा बदललेला नाही.

पूर्वी अथेन्समध्ये अठरा वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकपुत्रांना 'एफिबी' म्हणून लष्करी शिक्षण देत. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून या पथकांच्या शिलालेखांत परदेशी मुलांचीही नावे येऊ लागतात. लढाई उरली नव्हती. मिरवणुका मात्र उरल्या होत्या. एल्युसिसच्या देवीच्या पवित्र वस्तू वाजतगाजत अथेन्सला आणणे, सणांच्या दिवशी शर्यती धावणे, ही त्यांची कामे. या मुलांचे झगे काळे असत. फार प्राचीन काळी अथेन्सवासीयांनी कोप्रेउस नावाच्या एका दूताला ठार केले, त्याच्या सुतकाचा तो रंग, असे सांगत. दुसऱ्या शतकात हिरोडीस ॲटिकस या धनाढ्य वक्त्याने स्वखर्चाने सर्वांना पांढरे झगे दिले, तेव्हा कोठे ते सुतक फिटले. दुसऱ्याच्या गावच्या पापाचे सुतक परगावच्या मुलांनी अंगावर वागवावे, यापरते सामावून घेणे ते कोणते!

इ. स. २६७ मध्ये हेरुली नावाच्या रानटी टोळ्यांनी अथेन्स उद्ध्वस्त केले. नंतर जी तटबंदी उठली ती पडलेल्या मंदिरांच्या आणि इमारतींच्या दगडांची होती, आणि तिने पूर्वीच्या नगरीचा लहानसा भागच वेढला होता. अशा या संकोचलेल्या गावात चौथ्या शतकात विद्यार्थ्यांची अशी काही गर्दी उसळली की तिचे वर्णन तिघा-चौघांनी आपल्या आठवणींत करून ठेवले आहे. अँटिओकचा लिबानिअस, सार्डिसचा युनेपिअस, कॅपाडोशियाचा ग्रेगरी हे त्यांतले प्रमुख. तिघेही परके, तिघेही अथेन्सच्या प्रेमात पडलेले.

ही मुले कशासाठी येत? मुख्यतः वक्तृत्वासाठी. साम्राज्यात वकिली, सरकारी नोकरी, नगरसभेतील मान, सर्व काही शुद्ध आणि डौलदार ग्रीक बोलण्यावर अवलंबून होते. ही विद्या शिकविणाऱ्या आचार्यांना सोफिस्ट म्हणत. गंमत अशी की हे आचार्यही बाहेरचेच. ज्युलिअन कॅपाडोशियाचा, त्याचा पट्टशिष्य प्रोहेरेसिअस आर्मेनियन, एपिफेनिअस सिरियाचा, डायोफँटस अरब, हिमेरिअस बिथिनियाचा. अथेन्सची अस्सल भाषा अथेन्समध्ये जतन केली ती या मंडळींनी. ज्युलिअनच्या मृत्यूनंतर तर शिष्यांची प्रांतवार वाटणीच झाली. पूर्वेकडची मुले एपिफेनिअसकडे, अरबस्तानची डायोफँटसकडे, काळ्या समुद्राकाठची, आशिया मायनरच्या बहुतेक प्रांतांतली आणि इजिप्त-लिबियाची प्रोहेरेसिअसकडे.

वाटणी झाली खरी, पण ती पाळतो कोण? जितके शिष्य अधिक तितकी फी अधिक आणि कीर्तीही. म्हणून प्रत्येक आचार्याचे जुने शिष्य टोळ्या करून पिरीअसच्या बंदरावर, सुनिअमच्या भूशिरावर, रस्त्यांच्या तोंडांवर दबा धरून बसत आणि गलबतातून उतरणाऱ्या नवख्या पोराला चक्क पळवून नेत. लिबानिअसने लहानपणी घरी या मारामाऱ्यांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. लाठ्या, दगड, सुऱ्या, जखमा, खटले! देशासाठी लढणाऱ्यांइतकेच हे शूर, असे त्या वयात त्याला वाटे, आणि आपल्यालाही बंदरावर पोरे पळविण्याचे भाग्य लाभावे अशी तो प्रार्थना करी. प्रत्यक्षात इ. स. ३३६ मध्ये, बाविसाव्या वर्षी तो अथेन्सला पोहोचला तेव्हा पळविला गेला तो तोच! पहिल्या दिवशी एका टोळीने धरले, दुसऱ्या दिवशी दुसरीने हिसकावले. रांजणाएवढ्या खोलीत त्याला कोंडले, आणि डायोफँटसचाच शिष्य होईन अशी शपथ घेतल्यावर सोडले. ज्या गुरूसाठी तो आला होता त्याचे दर्शनही घडले नाही. पुढे लिबानिअस अथेन्समध्ये चार वर्षे राहिला. पण कोणत्याच टोळीत शिरला नाही, चेंडूला हात लावला नाही, आणि गुरूपेक्षा प्राचीन ग्रंथांवरच अधिक विसंबला. जबरदस्तीने करविलेली गुरुभक्ती याहून निराळी काय असणार?

युनेपिअसची कथा मात्र गोड आहे. तो सोळा वर्षांचा असताना, इ. स. ३६२ च्या सुमारास, तापाने फणफणलेल्या स्थितीत रात्री पिरीअसला उतरला. गलबताचा तांडेल प्रोहेरेसिअसचा स्नेही. त्याने सगळे उतारूच्या उतारू त्या रात्री प्रोहेरेसिअसच्या दारात नेऊन उभे केले. एका खेपेत वर्ग भरला म्हणा ना! प्रोहेरेसिअस तेव्हा सत्याऐंशी वर्षांचा होता. बाकीची मुले रीतीप्रमाणे स्नानाला गेली आणि हा पोर अंथरुणावर. किऑस बेटाच्या एका वैद्याने हट्टाने औषध पाजले आणि तो वाचला. तेव्हा म्हाताऱ्या गुरूने आपल्या दांडग्या शिष्यांना बजावले की याला न्हाऊ घाला, पण थट्टामस्करी बिलकूल करू नका. माझे स्वतःचे मूल समजून हळुवार न्हाऊ घाला.

या स्नानाचा प्रकार काय होता? ग्रेगरीने आणि पुढच्या शतकात ऑलिम्पिओडोरस या इतिहासकाराने तो वर्णिला आहे. नवख्या मुलाला दोघादोघांच्या रांगेत, भर बाजारातून सार्वजनिक स्नानगृहाकडे मिरवीत नेत. जवळ येताच पुढचे एकाएकी उड्या मारीत ओरडू लागत: थांबा, याला आत घेणार नाहीत! काही त्याला मागे ढकलीत, काही पुढे. दारे धडाधडा वाजवीत. पोर पुरते घाबरले की दार उघडे. आत स्नान होई आणि बाहेर येताच तो सर्वांच्या बरोबरीचा होई. मग त्याला 'ट्रिबॉन' हा विद्वानांचा जाडाभरडा झगा घालण्याचा हक्क मिळे. विशेषतः परक्याने हा विधी आणि आचार्यांची संमती यांवाचून तो झगा घालावयाचा नाही, असा दंडक होता. नंतर त्याला तसाच मिरवीत घरी पोहोचवीत, आणि टोळीनायकांचा खर्च अर्थात त्याच्याच कनवटीतून. आपल्या परंपरेत विद्या पुरी झाल्यावर स्नान करावयाचे आणि मग स्नातक म्हणवून घ्यावयाचे. तेथे पायरी चढण्यापूर्वीच न्हावे लागे! मला या विधीचे फार कौतुक नाही. तथापि एक गोष्ट कबूल केली पाहिजे: आर्मेनियाचा असो की अरबस्तानचा, सरदारपुत्र असो की कर्ज काढून आलेला, दाराबाहेर सर्वांची भंबेरी सारखीच उडे आणि दारातून बाहेर आल्यावर मानही सारखाच मिळे. अथेन्सचे नागरिकत्व मिळविण्यास एवढे सोपे दार पेरिक्लीसच्या काळीही नव्हते.

टोळ्यांची भांडणे कधीकधी न्यायासनापर्यंत जात. एकदा स्पार्टाच्या ॲप्सिनीस या आचार्याच्या शिष्यांनी ज्युलिअनच्या शिष्यांना बडविले आणि वर फिर्यादही त्यांनीच ठोकली. कॉरिंथला बसणाऱ्या रोमन सुभेदाराने वृद्ध ज्युलिअनसकट सर्व आरोपींना बेड्या घालून आणविले. फिर्यादी पक्षाचा म्होरक्या थेमिस्टोक्लीस नावाचा एक अथेन्सकरच होता. 'आता तूच बोल' असे सुभेदाराने फर्मावताच त्याच्या तोंडून शब्द फुटेना, वक्तृत्वाचा विद्यार्थी! मग ज्युलिअनने विनंती करून प्रोहेरेसिअसच्या बेड्या काढविल्या आणि तो तरुण आर्मेनियन असा काही बोलला की सुभेदार आसनावरून उठून टाळ्या पिटू लागला. आरोपी सुटले आणि फटके बसले ते फिर्यादीच्या पुंडांना.

हाच प्रोहेरेसिअस अथेन्सला आला तेव्हा त्याची अवस्था काय होती? तो आणि त्याचा मित्र हेफेस्टिअन या दोघांत मिळून धड वस्त्र एकच. एकजण ते नेसून व्याख्यानाला जाई तेव्हा दुसरा फाटके पांघरूण घेऊन घरी पडून पाठ करी; दुसऱ्या दिवशी पाळी उलट. पुढे रोममध्ये त्याचा पुतळा उभारला गेला. त्याचे घर, जेथे खाजगी रंगमंडपात संगमरवरी बाकांवर वर्ग भरे, ते गुरू ज्युलिअनकडून त्याला मिळालेले. रस्त्यावरच्या दंग्यांच्या भीतीने आचार्य सार्वजनिक जागी बोलतच नसत, घरीच शिकवीत. येथे मला त्या आचार्यांविषयी थोडे कठोर बोलावेसे वाटते. ज्या दंग्यांना भिऊन ते दारे लावून घेत, ते दंगे त्यांच्याच फीसाठी चालले होते, हे त्यांना ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे?

चौथ्या शतकाच्या मध्याला ग्रेगरी आणि त्याच्याच प्रांताचा बेसिल येथे सहाध्यायी होते. पुढे दोघेही ख्रिस्ती धर्माचे मोठे आचार्य झाले. बेसिलच्या गांभीर्याची कीर्ती आधीच पोहोचली होती. ग्रेगरीने मध्यस्थी करून त्याला त्या स्नानाच्या धिंगाण्यातून सोडविले. हे काही आर्मेनियन मुलांना खुपले. मैत्रीचे सोंग घेऊन त्यांनी बेसिलला वादात ओढले. ग्रेगरी प्रथम अथेन्सच्या अभिमानाने जुन्या विद्यार्थ्यांची बाजू घेऊन बोलला, आणि हा वाद नसून मत्सर आहे हे लक्षात येताच तडक पक्ष बदलून बेसिलच्या बाजूला गेला. पुढे त्याने लिहिले आहे की आम्हांस अथेन्समध्ये दोनच रस्ते ठाऊक होते, एक देवळाचा आणि दुसरा गुरुगृहाचा. इ. स. ३५५ मध्ये त्याच गावात आणखी एक विद्यार्थी वावरत होता: राजपुत्र ज्युलिअन, जो पुढे सम्राट झाला आणि जुन्या देवांकडे वळला. इ. स. ३६२ मध्ये त्याने ख्रिस्ती शिक्षकांना ग्रीक वाङ्मय शिकविण्याची बंदी केली. प्रोहेरेसिअस ख्रिस्ती होता. सम्राटाने आपल्या या जुन्या गुरूला सवलत देऊ केली. त्याने ती नाकारून आसन सोडले. आणि त्याच सुमारास त्याच्याच छायेत शिकणारा युनेपिअस कट्टर मूर्तिपूजक होता, एल्युसिसच्या पुरोहिताकडून त्याने दीक्षाही घेतली होती. पण म्हाताऱ्याविषयी लिहिताना त्याची लेखणी ओलावते.

इ. स. ३९६ मध्ये अलारिकच्या गॉथ टोळ्या ग्रीसवर कोसळल्या आणि एल्युसिसची ती मिरवणूक संपली. वक्तृत्वाचे तेज मंदावले, तत्त्वज्ञान मात्र पुन्हा चढले. इ. स. ४३० च्या सुमारास लिशियाच्या कुळातला प्रोक्लस पिरीअसला उतरला. त्याला घ्यावयास आला होता त्याच्याच प्रांताचा एक विद्यार्थी. या वेळी पळवापळवी नव्हती. चढणीच्या वाटेवर प्रोक्लस दमला आणि पाणी प्याला. ती जागा सॉक्रेटिसाच्या नावाची निघाली. ॲक्रोपोलिसच्या दारी पोहोचला तेव्हा सायंकाळ झाली होती. द्वारपाल कुलूप लावीत होता. तू आला नसतास तर दार बंद केलेच होते, असे तो म्हणाला. शिष्यांनी पुढे हे दोन्ही शकुन म्हणून सांगितले. प्रोक्लस सुमारे पन्नास वर्षे अथेन्समध्ये शिकवीत राहिला.

इ. स. ५२९ मध्ये सम्राट जस्टिनिअनने अथेन्समध्ये तत्त्वज्ञान शिकविण्यास मनाई केली. सात तत्त्वज्ञ इराणच्या खुस्रो राजाच्या आश्रयाला गेले. बहुतेक सिरिया, सिलिशिया, फ्रिजिया, लिडिया अशा प्रांतांचे, अथेन्सचा त्यांत कोणी नव्हता. तेथे त्यांचे मन रमले नाही. इ. स. ५३२ च्या तहात खुस्रोने त्यांच्यासाठी एक कलम घालून घेतले, की या लोकांना आपल्या श्रद्धेप्रमाणे घरी निर्वेध राहू द्यावे. त्यांच्यापैकी सिम्प्लिसिअसने नंतर ॲरिस्टॉटलवर मोठमोठी भाष्ये लिहिली. विसाव्या शतकात ॲरिओपॅगस टेकडीच्या उतारावर अमेरिकन संशोधकांनी त्या काळची काही मोठी घरे खणून काढली. ती अशा गुरूंचीच असावीत असे पुष्कळांचे मत आहे. त्यांपैकी एका घराच्या विहिरींत संगमरवरी मूर्ती आणि मस्तके सापडली, आणि अथीनीची एक शिरविरहित मूर्ती पालथी घालून पायरीसाठी वापरलेली आढळली.